कॅम्पर व्हॅनमध्ये कमी खर्चात स्वच्छ कसं राहायचं? सोलापूर परिसरात फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ईको, ओम्नी, विंगर किंवा टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गादी टाकून फिरणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. गाडीत न्हाणीघर नाही, छतावर टाकी नाही, माणसं दोन, आणि मुक्काम सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर या टापूत, असं धरून चाललो आहोत. इथलं ऊन कोरडं, पाणी जड आणि माती काळी. कोकणात किंवा महाबळेश्वरला चालणारे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

दोघांना दिवसाला किती पाणी लागतं?

धुण्यापुसण्याला २० लिटर. दोन अंघोळींचे १०, हातपाय-तोंड-दात ४, भांडी ३, उरलेलं पुसापुशीला. पिण्याचं पाणी वेगळं, आणि एप्रिल-मे महिन्यांत माणशी ४ लिटरच्या खाली उतरू नका. कपडे धुवायच्या दिवशी आणखी एक कॅन लागतो.

म्हणजे वापराच्या पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन आणि पिण्याचा एक जार. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हे ६० किलो वजन झालं. ते डिकीत मागे लोटू नका. पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, खाली जमिनीवर, पट्ट्याने बांधून ठेवा. सैल कॅन पहिल्याच गतिरोधकाला आडवा होतो आणि गादी भिजते. गादी एकदा भिजली की पुढचे दोन दिवस वास.

भंगारात स्वस्तात मिळणारे निळे ड्रम घेऊ नका. त्यात आधी रंग होता की रसायन, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पाच लिटरमध्ये अंघोळ खरंच होते?

होते, चारमध्येही होते. फक्त पाणी ओतायचा क्रम ठरलेला हवा. एक लहान बादली, अर्ध्या लिटरचा तांब्या आणि एक छोटा सुती रुमाल घ्या.

आधी कोरड्या अंगावरची धूळ ओल्या रुमालाने पुसून काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात. मग साबण मातीवरच लागतो आणि दुप्पट पाणी जातं. त्यानंतर दोन तांब्यांत अंग भिजवा. साबण अंगावर न घासता रुमालावर घासा आणि त्या रुमालाने मान, काखा, जांघा, पाय चोळा. पाठीला लांब पंचा तिरका धरून ओढा. आता पाणी खांद्यावरून सावकाश सोडायचं, डोक्यावरून नाही. सहा तांबे पुरतात. डोकं धुवायचं असेल त्या दिवशी तीन लिटर जादा धरा.

उभं राहायला प्लास्टिकचा पसरट घमेला घ्या, बांधकामाचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. मागचं दार वर उघडत असेल तर त्याला दोन जुन्या साड्या किंवा गडद चादर चिमट्यांनी लावा, आडोसा तयार. पांढरं कापड नको. भिजलं की आरपार दिसतं, आणि रात्री आत दिवा असेल तर न भिजताही.

शॉवर हवाच असेल तर स्वस्तात काय?

शेतीच्या औषधांच्या दुकानात जा. डाळिंब-द्राक्षांचा जिल्हा असल्याने फवारणी पंप तालुक्याच्या प्रत्येक गावी मिळतो आणि दुरुस्तही होतो. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘कॅम्पिंग शॉवर’ची रबरी वायसर गेली की तो फेकावा लागतो. फवारणी पंपाची वायसर मोहोळच्या बाजारातही मिळते.

दोन पर्याय आहेत. पहिला, हाताने हवा भरायचा ५ लिटरचा पंप. त्यात ४ लिटरच पाणी भरा, कारण वरची मोकळी हवाच पाणी ढकलते. काठोकाठ भरलात तर दहा सेकंदांत धार मरते. वीस-पंचवीस दट्टे मारले की दोन-तीन मिनिटं चालतो. दुसरा, पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप. त्यातली मोटर १२ व्होल्टची असते आणि एका चार्जिंगवर चार-पाच दिवसांच्या अंघोळी आरामात निघतात.

पंपाचा मूळ नोझल औषधाचं धुकं करायला बनवलेला असतो, त्याने साबण निघत नाही. नळी कापून पितळी निपल बसवा, क्लॅम्प आवळा आणि पुढे हँड शॉवर लावा. शॉवरची भोकं फार बारीक असली तर बॅटरी पंप धडधड करत बंद-चालू होत राहतो. मोटर बिघडलेली नसते. दाब वाढला की आतला स्विच तिला तोडतो. मोठ्या भोकांचा शॉवर लावला की थांबतं. पाणी संपल्यावर मोटर कोरडी फिरू देऊ नका, आतले पडदे जातात.

पंप कोराच हवा. शेतात वापरलेला पंप कितीही वेळा धुतला तरी त्यातून अंघोळ नाही. कीटकनाशक नळीत आणि रबरात मुरतं आणि कातडीतून अंगात जातं. ओळखीतल्या कुणी ‘जुना आहे, घेऊन जा’ म्हटलं तरी नाही म्हणा.

गरम पाण्याचं काय?

मार्च ते मे प्रश्न उलटा असतो. छतावर ठेवलेला काळा कॅन दुपारी हात लावू देत नाही, नळीत साचलेलं पहिलं पाणी तर चटकाच देतं. कॅन गाडीखाली सावलीत ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत १० लिटरचा काळा कॅन सकाळी नऊपासून उन्हात ठेवा, तीनपर्यंत पाणी कोमट होतं. रात्री हवं असेल तर चार वाजताच तो चादरीत गुंडाळून आत घ्या.

गॅसवर करणार असाल तर सगळं पाणी तापवत बसू नका. साधारण २० अंशांच्या तीन लिटर पाण्यात एक लिटर उकळतं पाणी मिसळलं की चार लिटर पाणी ४० अंशांवर येतं, अंगाला बरोबर. एक लिटर उकळायला झाकण ठेवलं तर १५ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरला ते काहीच नाही. पण शेगडी गाडीबाहेर, किंवा निदान दार सताड उघडं ठेवून. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हीटरची कांडी इन्व्हर्टरवर चालेल का, हा प्रश्न फार येतो. पाच लिटर कोमट करायला वीज थोडीच लागते, पण १००० वॉटची कांडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या वर एकदम ओढते. साधी वायर तापते, फ्यूज जातो, बॅटरी बसते. कांडी लॉजवर किंवा ओळखीच्या घरी वापरा.

पाणी कुठे भरायचं?

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आधी ध्यानात घ्या. त्यामुळे कुणाच्या दारात जाऊन कॅन भरून मागणं बरं नाही, त्यांचंच साठवणीचं पाणी असतं. वापराचं पाणी ढाब्यावर जेवण झाल्यावर मागा, बोअरचं असतं, सहसा कुणी नाही म्हणत नाही. गावाकडे विहिरीवर मोटर चालू दिसली तर मालकाला विचारून पाइपखाली कॅन धरा. ‘दादा, वापरायला दोन कॅन पाणी मिळेल का?’ एवढं पुरे. ‘वापरायला’ हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर लोक बिचारे पिण्याचं आणून देतात.

पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, हवा आणि शौचालय मोफत देणं बंधनकारक आहे. अंघोळ किंवा कॅन भरणं त्यात येत नाही. ते सौजन्य आहे, हक्क नव्हे.

पिण्याला पाण्याच्या एटीएमवरून किंवा दुकानातून जार. पिण्याचा कॅन पुनःपुन्हा भरताना त्याच्या तोंडाला हात लागू देऊ नका. आणि पिण्याचा व वापराचा कॅन एकाच रंगाचे घेऊ नका, अंधारात अदलाबदल होते.

साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. साबण वाईट आहे का?

साबण चांगला आहे, पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चिकट साका होतो. तोच केसांवर आणि घमेल्याच्या काठावर बसतो. जास्त साबण घासला की साका वाढतो, म्हणून उपाय उलट दिशेने करायचा.

अंगाला वडीऐवजी पातळ बॉडी वॉश, तोही रुपयाच्या नाण्याएवढा. त्याचा साका होत नाही. डोक्याला शाम्पू एका मगात आधी फेटून मग लावा, पुडीतला अर्धा पुरतो. शेवटचा एक तांब्या जारमधल्या मऊ पाण्याचा. फरक लगेच बोटांना कळतो. शॉवरची भोकं बुजली तर एक लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात रात्रभर बुडवा.

तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. ही गल्लत फार जण करतात.

एखाद्या दिवशी अंघोळ जमलीच नाही तर?

एक लिटर पाणी आणि चार छोटे सुती रुमाल. जुन्या धोतराचे किंवा साडीचे हातभर तुकडे कापा. पहिला चेहरा-मान, दुसरा काखा आणि छाती, तिसरा जांघा, चौथा पाय. एकदा वापरलेला रुमाल पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवायचा नाही, खराब कपड्यांत टाकायचा. क्रम उलटला तर पायाची बुरशी जांघेत जाते.

त्यावर ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवा. न्हाव्याकडे दाढीनंतर लावतात तोच, किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो आणि महिनोन्‌महिने पुरतो. घामाला वास येतो तो जिवाणूंमुळे, तुरटी त्यांना आवर घालते. डिओ वास झाकतो आणि ४२ अंशांत बंद गाडीत त्याचा डबा ठेवणं धोक्याचंही आहे.

सोलापुरात आलोच आहोत तर टॉवेल इथलाच घ्यावा ना?

घरासाठी जरूर घ्या. गाडीसाठी नको. सोलापुरी टर्किश टॉवेल जाड आणि लोंबता, पाणी भरपूर पितो, म्हणूनच सावकाश वाळतो. बंद गाडीत संध्याकाळपर्यंत त्याला कुबट वास येतो. गाडीत माणशी दोन पंचे ठेवा. पंचा पिळून बाहेर टाकला की इथल्या उन्हात वीस मिनिटांत कडक होतो.

सोलापुरी चादर मात्र गाडीत हवीच. दिवसा गादीवर टाका, धूळ तिच्यावर बसेल. रात्री ती काढून, बाहेर झटकून, खालच्या स्वच्छ बिछान्यावर झोपा. नवी चादर पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडते, तेव्हा एकटीच धुवा.

कपडे कसे धुवायचे?

घट्ट झाकणाची २० लिटरची बादली घ्या, रंगाच्या डब्यासारखी पण नवी. दोघांचे एका दिवसाचे कपडे, सात लिटर पाणी आणि सपाट चमचाभर पावडर. बादलीचा तिसरा हिस्सा मोकळा राहायला हवा, नाहीतर कपडे हलत नाहीत आणि फक्त भिजून बसतात. झाकण लावून घमेल्यात ठेवा आणि गाडी चालवा. सोलापूर ते अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर आहे, तेवढा प्रवास पुरतो. पोचल्यावर पिळा आणि पाच-पाच लिटरमध्ये दोनदा खळबळा. दुसऱ्या खळबळीचं पाणी पुढच्या फेरीच्या पहिल्या भिजवणीला वापरा.

पावडर जास्त टाकणं ही इथली मुख्य चूक. फेस दिसत नाही म्हणून माणूस आणखी टाकतो, मग खळबळायला तीन कॅन लागतात आणि तरी कपडे ताठ राहतात.

वाळवणं उन्हाळ्यात तासाभराचं काम आहे, रंग विटू नये म्हणून कपडे उलटे करून टाका. रात्री गाडीच्या आत ओले कपडे टांगू नका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ, त्यात कपड्यांची. सकाळी काचांवरून ओघळ आणि पावसाळ्यात आठवड्यात गादीखाली बुरशी. नाइलाज असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा आणि मच्छरजाळी लावा.

पूर्ण अंघोळीला पैसे देऊन कुठे जाता येतं?

बसस्थानकांजवळच्या आणि देवस्थानांच्या सुलभ शौचालयांत स्नानगृह असतं. दर पाटीवर लिहिलेला असतो, सुटे पैसे न्या. पहाटे साडेपाचच्या सुमारास फरशी नुकतीच धुतलेली असते, नऊनंतर रांग. आत खुंटी असेलच असं नाही, म्हणून ‘एस’ आकाराचा एक आकडा आणि रबरी चप्पल बरोबर ठेवा. अनवाणी उभं राहू नका.

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या तिन्ही ठिकाणी भक्तनिवास किंवा यात्री निवास आहेत. आठवड्यातून एकदा खोली घ्या, त्याच दिवशी डोकं, चादरी, कॅन, भांडी सगळं धुऊन काढा आणि बॅटऱ्या चार्ज करा. महिन्याच्या हिशेबात हेच स्वस्त पडतं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूर, हे दिवस यासाठी सोडून द्या.

रेल्वे स्थानकातलं प्रतीक्षालय प्रवाशांसाठी असतं, ते या हिशेबात धरू नका.

चंद्रभागेत किंवा उजनीच्या काठाला अंघोळ चालेल?

श्रद्धेने डुबकी मारायची तर तो वेगळा विषय. स्वच्छतेसाठी म्हणाल तर नाही. पुण्याचं पाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला (पंढरपुरात हीच चंद्रभागा) मिळते आणि ते सगळं उजनी धरणात साठतं. पात्रात वाळू उपसल्याचे खोल खड्डे असतात, वरून पाणी गुडघाभर दिसतं. धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. तोंडात पाणी जाऊ देऊ नका, अंगावर जखम असेल तर उतरूच नका, आणि वर आल्यावर दोन लिटर स्वच्छ पाणी अंगावर घ्या.

साबण मात्र कुठल्याही नदीत, तलावात किंवा तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थात लावायचा नाही.

सांडपाणी कुठे टाकायचं?

घमेल्यातलं पाणी फनेलने वेगळ्या कॅनमध्ये भरा, त्यावर लाल रंगाने खूण करा. फनेलवर जुन्या मोज्याचा तुकडा ताणून बसवा, केस अडकतात. उन्हाळ्यात हे पाणी दुसऱ्या दिवशी नासतं, म्हणून रोजचं रोज सुलभच्या मोरीत, लॉजवर किंवा विचारून गटारात ओता. माळरानावर असाल तर विहीर-ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब, कोरड्या जमिनीवर फिरत फिरत शिंपडा. एका जागी ओतलं तर काळ्या मातीत चिखल होतो आणि सकाळी गाडीचं चाक त्यातच रुततं.

गाडीत संडास हवा का?

या टापूत बहुतेकांना नको. पेट्रोल पंप, ढाबे, बसस्थानकं पुरेशी आहेत. रात्रीच्या लघवीसाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली ठेवा आणि बायकांसाठी फनेल. सकाळी शौचालयात ओतून बाटली धुवायची.

माळावर वेळ आलीच तर वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून लांब, आणि वरून माती. संडास म्हणून भुशाची बादली वापरणाऱ्यांना एक सूचना: भुसा शौचालयात ओतू नका, भांडं तुंबतं आणि दुसऱ्याला साफ करावं लागतं. वेट वाइप्सचंही तेच. बहुतेक प्लास्टिकच्या धाग्यांचे असतात, ना विरघळतात ना कुजतात.

पाळीच्या दिवसांत?

पाच लिटरचा एक छोटा कॅन फक्त या कामाला बाजूला काढा आणि त्यात पिण्याच्या दर्जाचं पाणी ठेवा. पॅड वापरत असाल तर वर्तमानपत्र आणि झाकणाचा वेगळा डबा. डबा रोज रिकामा करा, उन्हात लगेच वास येतो. पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरत असाल तर दिवसाला दोन-तीनदा रिकामा करून धुवायला एकूण लिटरभर पाणी पुरतं. पाळी संपल्यावर वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळा. हात आधी आणि नंतरही साबणानेच. सॅनिटायझर लावलेल्या हाताने कप धरला तर आग होते.

भांडी तीन लिटरमध्ये कशी?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, भांडंच लागत नाही! गंमत सोडा. तेलकट भांडं पाणी लावण्याआधी कागदाने कोरडं पुसा, निम्मं काम तिथेच संपतं. मग स्प्रे बाटलीत पाणी आणि चार थेंब लिक्विड फवारून घासा, आणि स्वच्छ पाण्याची दुसरी बाटली फवारून धुवा. शेवटी भांडी उन्हात पालथी.

कॅनला वास येतो, आत हिरवं दिसतं.

उजेड लागला की शेवाळ धरतं, म्हणून पारदर्शक कॅनला गोणपाट गुंडाळा. दर पंधरा दिवसांनी पाण्याने भरलेल्या २० लिटरच्या कॅनमध्ये ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मिलिलिटर घाला, चार तास ठेवा, नळ उघडून त्यातूनही थोडं जाऊ द्या, मग दोनदा खळबळून ओता. त्याच वेळी लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शेवाळ जाड असेल तर आत मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी टाकून जोरात हलवा. हात न जाणाऱ्या कोपऱ्यांतलं तेच खरवडतं.

घामोळं आणि जांघेत खाज येते. पावडर लावू?

ओल्या अंगावर पावडर लावली तर तिचा लगदा होतो आणि छिद्रं आणखी बुजतात. आधी कोरडं करा. अंघोळीनंतर पाच मिनिटं सैल लुंगी किंवा गाऊनवर वाऱ्याला बसा, मगच आतले कपडे घाला. घामोळ्याला गार पाण्याचा रुमाल आणि सुती कपडे पुरतात.

गोल, कडा उठलेला, पसरणारा चट्टा असेल तर ते गजकर्ण. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइडची मिश्र मलमं लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं, नंतरच्या औषधालाही दाद देत नाही. डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर दोघांचे पंचे वेगळे.

प्रवास संपल्यावर सामान कसं ठेवायचं?

पंपातलं पाणी काढा, उलटा करून दट्टा चार-पाच वेळा मारा म्हणजे नळीतलंही निघेल. रबरी वायसरला खोबरेल तेलाचं बोट लावा. बॅटरी पंप पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. कॅन झाकण उघडं ठेवून, पालथे, सावलीत. पंपावर मोठ्या अक्षरांत ‘अंघोळीचा’ असं लिहा, म्हणजे हंगामात शेजारी तो औषध मारायला मागणार नाही.